माणशी दोन रुपये

जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमासाठी बाराव्या पंचवार्षिक योजनेत एका जिल्ह्याला वर्षाला जास्तीत जास्त ८३.२ लाख रुपये ठरले होते. २०११च्या जनगणनेनुसार सोलापूर जिल्ह्याची लोकसंख्या ४३ लाख १७ हजार. भागाकार केला तर माणशी वर्षाला दोन रुपयेही पडत नाहीत. तेवढ्यात मनोविकारतज्ज्ञ, समाजसेवक, परिचारिका, औषधं, गाडी असं सगळं बसवायचं. शहरात सरकारी मेडिकल कॉलेज आहे, त्याचा खर्च यात धरलेला नाही हे खरं. पण करमाळ्याच्या किंवा माळशिरसच्या माणसाला ते शंभर किलोमीटरहून लांब पडतं.

हे अंतर आजारातच शिरतं. स्किझोफ्रेनियात कानात आवाज येतात, आपल्यावर कुणी पाळत ठेवतंय असं वाटतं. मेंदूत डोपामिन नावाचं रसायन पेशींवरच्या ज्या जागांना (रिसेप्टरना) जाऊन चिकटतं, त्याच जागा औषधांनी अडवल्या जातात. काही आठवड्यांत आवाज कमी होतात, झोप लागते. घरच्यांना वाटतं, पोरगं बरं झालं, आता गोळी कशाला? पण गोळीनं आजार दाबून धरलेला असतो, उपटून काढलेला नसतो. २०१२मध्ये ‘लॅन्सेट’ने ६५ चाचण्यांचा एकत्रित आढावा छापला. औषध चालू असलेल्यांपैकी २७ टक्के लोकांचा आजार वर्षभरात उलटला. औषधाऐवजी नुसतीच नावाची गोळी दिलेल्यांत हे प्रमाण ६४ टक्के होतं.

आणि औषध सुटतं ते दर वेळी गैरसमजानं नाही. विड्या वळणाऱ्या आईची मजुरी हजार विड्यांच्या हिशेबानं असते. मुलाला दवाखान्यात न्यायचं म्हणजे त्या दिवशीच्या विड्या गेल्या, वर दोघांचं एसटीचं भाडं. दोन खेपा चुकल्या की गोळ्या संपतात, आणि ते कुणाच्या लक्षातही येत नाही.

म्हणून माझं म्हणणं असं की या कार्यक्रमाला पैसा वाढवून दिला, तर तो आधी दारापर्यंत जाणाऱ्या माणसावर खर्च व्हावा. याला आधार आहे. गोवा, सातारा आणि तामिळनाडूत स्किझोफ्रेनियाच्या २८२ रुग्णांवर एक चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २०१४मध्ये आले. काही जणांना नेहमीच्या उपचारांच्या जोडीला प्रशिक्षित स्थानिक कार्यकर्ते घरी जाऊन भेटत होते. त्यांची लक्षणं आणि रोजच्या व्यवहारातली अडचण, दोन्ही थोडी जास्त कमी झाली. फरक माफक होता, तो फुगवून सांगण्यात अर्थ नाही. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत नैराश्यावर असंच गावपातळीवर काम झालं, तिथं मात्र उडी मोठी होती. नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणारे ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले, तेही दीड वर्षात.

बरं होणं म्हणजे काय, हेही इथंच ठरतं. एखाद्याला अधूनमधून आवाज येत राहतात, तरी तो टॉवेलच्या कारखान्यात पाळी भरतो, पगार आईच्या हातात देतो, भावाच्या लग्नात वाढायला उभा राहतो. तो बराच झालेला आहे. हे काम गोळी एकटी करत नाही. त्याला कामावर परत घ्यायला मालकाशी बोलावं लागतं, घरच्यांना आजार समजावावा लागतो, आणि तोही त्यांच्या भाषेत. सोलापूरच्या पूर्व भागात घरात तेलुगू बोलतात, अक्कलकोटकडे कन्नड. मनातलं दुखणं पुस्तकी मराठीत कोण सांगेल? १४४१६ या क्रमांकावरची टेली-मानस ही सरकारची मोफत फोन-सेवा या भाषांतही बोलते, ती चांगली सोय आहे. पण गोळ्या संपलेल्या घराची कडी फोनला वाजवता येत नाही.

२०२३-२४च्या केंद्रीय अर्थसंकल्पात मानसिक आरोग्यासाठी थेट दाखवलेली रक्कम सुमारे ९१९ कोटी होती, आरोग्य मंत्रालयाच्या एकूण तरतुदीच्या साधारण एक टक्का. त्यातले ७२१ कोटी बंगळुरूच्या एकट्या निम्हान्सला, म्हणजे मानसिक आरोग्याच्या राष्ट्रीय संस्थेला. ती संस्था मोलाची आहे, तिचा पैसा कापा असं मी म्हणणार नाही. पण २०१७चा मानसिक आरोग्य सेवा कायदा सांगतो की किमान सेवा जिल्ह्यात सरकारनं दिल्या नाहीत, तर रुग्णानं त्याच जिल्ह्यात दुसरीकडे घेतलेल्या उपचाराचा खर्च सरकारनं सोसायचा. करमाळ्याहून निघालेल्या त्या आईला हे अजून कुणी सांगितलेलं नाही.