एलईडी लावला आणि इंडिकेटर घाईला आला

जुना बल्ब काढून एलईडी बसवला, बटण डावीकडे सरकवलं आणि संथ टिक… टिक… ऐवजी टिकटिकटिकटिक सुरू झालं. एलईडीच खराब निघाला असं समजून बरेच जण दुकानात परत जातात. खरं तर बिघाड कुठेच नसतो. ‘या बाजूचा एक बल्ब उडालाय’ एवढंच फ्लॅशर, म्हणजे इंडिकेटर लुकलुकवणारा छोटा भाग, गाडी चालवणाऱ्याला कळवत असतो.

मोटारसायकलच्या इंडिकेटरचा साधा बल्ब बहुधा १० वॉटचा असतो. पुढचा आणि मागचा मिळून २० वॉट, म्हणजे १२ व्होल्टवर सुमारे १.७ अँपिअर. इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर हा प्रवाह सतत मोजतो. एक बल्ब गेला की प्रवाह निम्मा होतो आणि फ्लॅशर वेग जवळपास दुप्पट करतो. ही सोय मुद्दाम केलेली आहे. एलईडी जेमतेम एक-दोन वॉट खातो, त्यामुळे फ्लॅशरला दिवा गेल्यासारखाच वाटतो. फार जुन्या गाड्यांत दोन धातूंची पत्ती तापून वाकते आणि सर्किट तोडते. तिथे एलईडीच्या प्रवाहाने पत्ती तापतच नाही. दिवा लागतो तो लागूनच राहतो.

यावर अनेकदा रेझिस्टर, म्हणजे कमी पडलेला प्रवाह ओढून भरून काढणारा रोधक, सुचवला जातो. कारच्या २१ वॉटच्या बल्बसाठी ६ ओहमचा, ५० वॉट क्षमतेचा रेझिस्टर एलईडीला समांतर जोडतात. इंजिन चालू असताना १४ व्होल्टवर तो पेटत्या क्षणी सुमारे ३३ वॉट उष्णता टाकतो. प्लास्टिकला टेकला तर ते वितळू शकतं, म्हणून तो पत्र्यावरच कसावा. मला हा उपाय पटत नाही. एलईडीने वाचवलेली वीज आपणच जाळायची, शिवाय उद्या एलईडी खरोखर गेला तरी फ्लॅशरला पत्ता लागायचा नाही.

दुचाकीत सरळ एलईडीचा फ्लॅशर बसवावा. त्याची गती दिवे किती प्रवाह ओढतात यावर अवलंबून नसते. घेताना जुन्याच्या पिना मोजा. तीन पिनांच्या फ्लॅशरला अर्थिंग, म्हणजे गाडीच्या सांगाड्याशी जोडणी, लागतं. दिवा गेल्याची सूचना हाही सहसा देत नाही, तेव्हा अधूनमधून गाडीभोवती फिरून चारही दिवे पाहावेत. नव्या कारमध्ये मात्र सहसा वेगळा फ्लॅशर नसतो, ते काम गाडीचा कंट्रोल युनिट करतो. त्यात एलईडीची सेटिंग नसेल तर रेझिस्टरच उरतो.

गती बरोबर आहे का हे घड्याळ लावून मोजता येतं. आंतरराष्ट्रीय नियमानुसार मिनिटाला ६० ते १२० उघडझाप हवी, म्हणजे १० सेकंदांत १० ते २०.

फ्लॅशर बदलूनही चारही दिवे एकदम लुकलुकले, तर दोष बहुधा मीटरमधल्या एकुलत्या इंडिकेटर-बल्बच्या जोडणीत असतो. तो डाव्या आणि उजव्या वायरींच्या मध्ये जोडलेला असतो. डावीकडचा प्रवाह त्यातून उजव्या बाजूच्या दिव्यांमार्गे अर्थला जातो. तेवढ्या प्रवाहात जुना बल्ब पेटत नसे, एलईडी मात्र पेटतो. मीटरच्या बल्बच्या दोन्ही वायरी सोडवून प्रत्येकीत एक १एन४००७ डायोड (प्रवाह एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) घाला, त्यांची दुसरी टोकं एकत्र करून मीटरच्या बल्बला द्या आणि बल्बचं उरलेलं टोक अर्थला जोडा. डायोडवरची पट्टी मीटरच्या बल्बाकडे हवी.