ड्रॅग रेसिंगच्या जुन्या गाड्या: चासी कशी बदलत गेली

जुन्या ड्रॅग रेसिंगचा विषय निघाला की सगळे इंजिनावरच बोलतात, क्रायसलरचं हेमी इंजिन किती ताकदीचं, नायट्रो (नायट्रोमिथेन हे इंधन) किती टाकायचे वगैरे. माझं मात्र ठाम मत आहे की 1950 ते 1971 या काळात खरं डोकं चाललं ते चासीवर, म्हणजे गाडीच्या सांगाड्यावर. पॉवर भरपूर होती हो, पण जागेवरून सुटून पाव मैल म्हणजे 402 मीटर सरळ पळायचं आणि त्या वेळचे टायर अरुंद, त्यामुळे रेस दिली की चाकं जागेवरच फिरायची आणि नुसता धूर. मागच्या चाकांवर वजन आणायचं कसं, सगळी धडपड त्यासाठी.

सुरुवात दक्षिण कॅलिफोर्नियातली. युद्धाआधी तिथली पोरं म्युरॉकच्या कोरड्या तळ्यात गाड्या पळवायची, तिथे टॉप स्पीड बघायचे. 1950 मध्ये सांता आनाच्या विमानतळावर ड्रॅग रेस सुरू झाल्या आणि आता पिकअपला किंमत आली. डिक क्राफ्ट नावाच्या रेसरने मग गाडीची बॉडीच उडवली, राहिलं काय तर चासीचे दोन रेल (लांब दांडे), इंजिन आणि सीट. नाव ‘द बग’. दिसायला ओबडधोबड, पण ड्रॅगस्टरचं, म्हणजे फक्त ड्रॅग रेससाठी बनवलेल्या गाडीचं, मूळ तिथे आहे.

पुढची मोठी उडी 1954 ची, मिकी थॉम्पसनची. त्याने ड्रायव्हरला उचलून थेट मागच्या अ‍ॅक्सलच्याही मागे बसवलं, गलोलीत दगड ठेवावा तसा, म्हणून स्लिंगशॉट. इंजिन मागे सरकवायला जागा झाली, वजन मागे आलं, टायर पकड धरायला लागले. पण बसायची पद्धत बघा, दोन पायांच्या मधे डिफरन्शियल (मागच्या चाकांना ताकद वाटून देणारा गिअरचा डबा), पावलांशेजारी क्लच आणि गिअरबॉक्स, आणि तोंडासमोर इंजिन. काही फुटलं तर पहिला मार ड्रायव्हरलाच.

तरी पुढची पंधराएक वर्षं हाच साचा चालला. स्कॉटी फेनच्या ‘चासी रिसर्च’ कंपनीने तयार चासी विकायला काढल्या, तिकडे फ्लोरिडात डॉन गार्लिट्स या रेसरने 1931 च्या शेवरोलेचे रेल वापरून ‘स्वॉम्प रॅट’ नावाची आपली पहिली गाडी बनवली. साठच्या दशकात केंट फुलर, वूडी गिलमोर असे कारागीर क्रोमोलीच्या (मजबूत मिश्र पोलादाच्या) पातळ नळ्या वेल्ड करायला लागले. गिलमोरची कल्पना मला सगळ्यात आवडते, चासी कडक न ठेवता मुद्दाम लवचिक ठेवायची, म्हणजे सुटताना ती वाकते आणि मागचे टायर जमिनीवर दाबले जातात. व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) सुरुवातीला 100 इंचांच्या आसपास होता, तो दशक संपेपर्यंत 200 च्या वर गेला.

स्टॉक दिसणाऱ्या गाड्यांतही हाच हिशोब, 1965 मध्ये क्रायसलरने काही डॉज-प्लिमथचा मागचा अ‍ॅक्सल 15 इंच आणि पुढचा 10 इंच पुढे सरकवला. दिसायला विचित्र, म्हणून फनी कार. पुढच्याच वर्षी मिशिगनच्या लॉगी बंधूंनी नळ्यांच्या चासीवर वर उचलता येणारी फायबरची मर्क्युरी कॉमेट बॉडी बसवली.

आणि मग 8 मार्च 1970, लाँग बीचजवळची लायन्स ड्रॅग स्ट्रिप. सुटतानाच गार्लिट्सचा गिअरबॉक्स फुटला, गाडीचे दोन तुकडे झाले आणि त्याच्या उजव्या पावलाचा पुढचा भाग गेला. वजनाच्या हिशोबात जे पायाशी आणून ठेवलं होतं तेच फुटलं. त्याने ठरवलं, इंजिन ड्रायव्हरच्या मागे न्यायचं.

मागे इंजिन आधीही काहींनी लावून बघितलं होतं, पण गाडी सरळच जायची नाही. स्लिंगशॉटमध्ये माणूस शेपटाशी बसतो, मागचा भाग सरकला की लगेच अंगाला कळतं. पुढे बसल्यावर ते उशिरा कळायचं, मग स्टिअरिंग गरजेपेक्षा जास्त फिरवलं जायचं आणि गाडी इकडून तिकडे झोकांड्या खायची. गार्लिट्सच्या टीमने शेवटी स्टिअरिंगचा रेशो स्लो केला, म्हणजे हातात जास्त फिरवलं तरी चाक थोडंच वळेल, आणि गाडी सुतासारखी सरळ गेली. 1971 ची कॅलिफोर्नियात पोमोनाला झालेली विंटरनॅशनल्स ही मोठी स्पर्धा त्याने याच गाडीने जिंकली, आणि थोड्याच वर्षांत टॉप फ्युएल या ड्रॅगस्टरच्या सर्वात वेगवान गटातून स्लिंगशॉट गायब झाले. फनी कारमध्ये मात्र इंजिन आजही ड्रायव्हरच्या पुढेच असतं.