चुकीच्या उत्तरामागचा नियम

४.८ मोठं की ४.६३? सहावी-सातवीच्या वर्गात फळ्यावर एवढंच लिहा आणि थांबा. बरीच मुलं बेधडक ४.६३ सांगतील. का, म्हणून विचारलंत तर कारणही तयार असतं : "टीचर, त्रेसष्ट आठापेक्षा मोठे ना!"

आता त्याच मुलांना विचारा, २.४ मोठं की २.५६? छप्पन्न चारपेक्षा मोठे, तेव्हा ती २.५६ म्हणतात आणि बरोबर ठरतात. पण वर्गात आणखी काही मुलं असतात. दशांश शतांशापेक्षा मोठा असतो, हे त्यांनी कुठेतरी नीट ऐकलेलं असतं आणि त्यातून स्वतःचा एक नियम बनवलेला असतो : बिंदूनंतर जितके अंक कमी, तितकी संख्या मोठी. ही मुलं पहिल्या प्रश्नाला ४.८ असं अचूक उत्तर देतात आणि दुसऱ्याला २.४ म्हणून चुकतात. दोन्ही प्रकारच्या मुलांना दोनपैकी एक गुण. रजिस्टरमध्ये दोघं शेजारी शेजारी, सारखीच; प्रत्यक्षात दोघांच्या समजुती एकमेकींच्या बरोबर उलट. मेलबर्न विद्यापीठातल्या केय स्टेसी आणि विकी स्टाइनली यांनी हजारो मुलांची दशांश अपूर्णांकांची उत्तरं तपासली, तेव्हा हे दोन्ही गट त्यांना पुन्हा पुन्हा सापडत गेले.

नव्यानं बी.एड. किंवा डी.एल.एड. करून शाळेत रुजू झालेल्या शिक्षकाच्या हातात पहिल्याच आठवड्यात तीन कागद पडतात : वार्षिक नियोजन, मूल्यमापनाची नोंदवही आणि 'मागे पडलेल्या' मुलांची यादी. तिन्ही वेगवेगळ्या फायलींत लावायचे असतात म्हणून ती तीन वेगळी कामं वाटतात. माझ्या मते काम एकच आहे, आणि ते या चुकीच्या उत्तरापासून सुरू होतं.

मुलं चुकतात ती वाट्टेल तशी नाही. १९७८ मध्ये जॉन सीली ब्राउन आणि रिचर्ड बर्टन या अमेरिकी संशोधकांनी वजाबाकीच्या चुकांची अशी वर्गवारी प्रसिद्ध केली. ५०३ वजा १८७ चं उत्तर एखादा मुलगा ४८४ लिहितो. वरवर पाहता तो नुसताच गोंधळलेला दिसतो. पण एकेक स्तंभ पाहा : ३ आणि ७ मध्ये फरक ४, ० आणि ८ मध्ये ८, ५ आणि १ मध्ये ४. वर कोण, खाली कोण याची फिकीर न करता तो प्रत्येक वेळी मोठ्यातून लहान अंक वजा करतोय, आणि अगदी इमानेइतबारे करतोय. ब्राउन आणि बर्टन यांनी भावी शिक्षकांसाठी 'बगी' नावाचा संगणकी खेळही केला होता. त्यात संगणक चुकणाऱ्या विद्यार्थ्याचं सोंग घेई. शिक्षकानं त्याला गणितं घालायची आणि उत्तरांवरून त्याचा लपलेला नियम ओळखायचा. आपल्याकडे प्रशिक्षणात असा तासभर जरी मिळाला, तरी टाचणं, म्हणजे रोजच्या पाठाचे आराखडे, लिहिण्याच्या अर्ध्या सरावापेक्षा तो कामाचा ठरेल.

दशांशाचे चुकीचे नियम मुलांना कोणी शिकवत नाही, ती ते आसपासच्या जगातून उचलतात. रुपये-पैशांत बिंदूच्या पुढे नेहमी दोनच अंक, त्यामुळे ४.८० म्हणजे 'चार रुपये' आणि 'ऐंशी पैसे' अशा दोन सुट्या पूर्ण संख्या वाटतात. क्रिकेटनं तर कहरच केलाय. टीव्हीवर १९.५ षटकांनंतर एक चेंडू पडला की थेट २० दिसतं. तिथला बिंदू दशांशचिन्ह नाहीच, पण हे दहा वर्षांच्या मुलाला कोण सांगणार?

म्हणून पेपर तपासताना गुणांच्या आधी गठ्ठे करा. स्टाफरूमच्या टेबलावर जागा करून दशांशाचे पेपर उत्तरांच्या प्रकारानुसार लावा : लांब संख्या मोठी समजणाऱ्यांचा एक, आखूड मोठी समजणाऱ्यांचा दुसरा, बरोबर असणाऱ्यांचा तिसरा. दोन गुणांचा प्रश्न असूनही गठ्ठे तीन होतात, आणि उद्याच्या तासाला काय करायचं ते या गठ्ठ्यांवरून ठरतं. हे साधण्यासाठी चाचणीतले प्रश्न मात्र जोडीनं काढावे लागतात. चुकीचा नियम वापरूनही उत्तर बरोबर येतं असा एकटा प्रश्न काहीच सांगत नाही, उलट फसवतो.

गुण द्यावे लागतात, त्यातून सुटका नाही. पण ते कधी द्यायचे, याला महत्त्व आहे. इस्रायलमध्ये रूथ बटलर यांनी १९८८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात काही मुलांना फक्त गुण मिळाले, काहींना फक्त शेरा आणि काहींना दोन्ही. पुढच्या कामात प्रगती झाली ती फक्त शेरा मिळालेल्यांची. दोन्ही मिळालेल्या मुलांना शेऱ्याचा फायदा जवळपास झालाच नाही. आकडा दिसला की शेरा वाचायचा कशाला? चाळीस पेपरांवर लांबलचक शेरे लिहायला वेळ कुठून आणायचा, हे कबूल. एक ओळ पुरते : 'दोन्ही संख्या पट्टीवर दाखव.' पेपर एकदा असा परत द्यायचा, दुरुस्ती करून घ्यायची आणि मग गुण सांगायचे.

गोव्यात या सगळ्यात आणखी एक गुंता आहे. इथल्या बहुतेक सरकारी प्राथमिक शाळा मराठी किंवा कोकणी माध्यमाच्या, आणि पाचवीपासून बहुतेक मुलांचं माध्यम इंग्रजी. डिचोली-पेडण्याच्या एखाद्या गावातली मुलगी चौथीपर्यंत भागाकार छान करत होती आणि पाचवीच्या पहिल्या घटक चाचणीत शाब्दिक उदाहरणं कोरी सोडते. ती गणितात कच्ची आहे, असा शेरा मारून मोकळं होणं सोपं. पण माणसाची कार्यकारी स्मृती, म्हणजे एका क्षणी मनात धरून ठेवायची जागा, अगदी तोकडी असते. मानसशास्त्रज्ञ नेल्सन कोवन यांनी २००१ मध्ये मांडलेल्या अंदाजानुसार साधारण चार गोष्टी मावतील एवढीच. 'इक्वली', 'रिमेनिंग', 'ईच' या शब्दांशी झटापट करण्यातच ती जागा भरून गेली, तर भागाकाराला उरतं काय? निदान दोन मिनिटांत होतं. तेच उदाहरण तिला मराठीत किंवा कोकणीत तोंडी घाला. उत्तर आलं, तर तिला भागाकाराच्या जादा वर्गाची गरज नाही, त्या पाच-सहा इंग्रजी शब्दांची आहे. आणि नाही आलं, तर अडचण खरोखर गणिताची. या दोन मुलांना दुपारी एकाच वर्गात बसवून एकच वर्कशीट देणं म्हणजे दोघांचाही वेळ घालवणं.

नियोजनाकडे आता येऊ. पुस्तकाची पानं भागिले तासिका, असं गणित मांडून केलेलं वार्षिक नियोजन जूनमध्ये छान दिसतं. जुलैत रेड अलर्टमुळे शाळा बंद पडतात, मग चवथीची म्हणजे गणेशचतुर्थीची सुट्टी, दिवाळी, नाताळ. पोर्शन मागे पडतो आणि उरलेली प्रकरणं शेवटच्या महिन्यात धावत उरकली जातात. अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ राल्फ टायलर यांनी १९४९ मध्येच वेगळा क्रम सुचवला होता : शेवटी मुलाला काय करता यायला हवं, ते आधी ठरवा, शिकवणं आणि त्याचा क्रम नंतर, आणि ते साधलं की नाही हे कसं ओळखायचं, तेही नियोजनातच लिहा. व्यवहारात याचा अर्थ एवढाच की घटक सुरू करण्यापूर्वी त्यातला चुकीचा नियम पकडणारी प्रश्नांची जोडी टाचणात उतरलेली हवी. आणि हो, काही तासिका मोकळ्या सोडा. पावसाला तुमचं वेळापत्रक ठाऊक नसतं.

२०२५ पासून गोव्यात सहावी ते दहावी आणि बारावीचं नवं वर्ष एप्रिलमध्ये सुरू होऊ लागलं. त्यावर पालक, शिक्षक, न्यायालय सगळीकडे बरीच चर्चा झाली. ती बाजूला ठेवू. शिक्षकापुढचा प्रश्न असा : एप्रिलमध्ये शिकवलं, मग मेची सुट्टी, आणि जूनमध्ये वर्गात बसलेली मुलं 'हे शिकलोच नाही' म्हणतात. जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ मध्ये स्वतःवरच प्रयोग करून विस्मरणाचं मोजमाप प्रसिद्ध केलं. विसरणं सुरुवातीला फार वेगानं होतं, हे त्यातलं सगळ्यांना माहीत आहे. पण ते मोजत होते ती दुसरीच गोष्ट : विसरलेलं पुन्हा पाठ करायला किती कमी वेळ लागतो. आठवत नाही असं वाटणाऱ्या गोष्टीही पुन्हा शिकताना लवकर येत होत्या. तेव्हा जूनमध्ये प्रकरण पहिल्या ओळीपासून परत शिकवू नका. आधी पुस्तकं बंद ठेवून चार प्रश्न विचारा, मुलांना आठवायला लावा, मग जे अडलं तेवढंच शिकवा.

आठवायला लावणं म्हणजे फक्त तपासणं नव्हे, तेही शिकणंच आहे. २००६ मध्ये हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना उतारे दिले. एका गटानं उतारा पुन्हा वाचला, दुसऱ्यानं न पाहता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानंतर मात्र आठवून लिहिणाऱ्यांना ५६ टक्के मजकूर सांगता आला, पुन्हा वाचणाऱ्यांना ४२ टक्के. पाच मिनिटांनंतरचा निकाल पाहूनच आपण बहुतेकदा 'वर्गाला कळलं' असं ठरवतो, गोची तिथेच आहे.

उपचारात्मक अध्यापनाच्या, म्हणजे मागे पडलेल्या मुलांच्या जादा वर्गांच्या, नावाखाली जे बऱ्याचदा चालतं, ते म्हणजे शाळा सुटल्यावर तेच पान तिसऱ्यांदा, जरा मोठ्या आवाजात. त्यानं काही होत नाही, कारण मुलाचा नियम जागच्या जागी राहतो. त्याला त्याच्याच नियमाची अडचण दिसायला हवी. पावसाळ्यात आपली मराठी वर्तमानपत्रं केंद्रवार पाऊस इंचांत छापतात. वाळपई, मुरगाव, काणकोण यांचे आकडे घ्या आणि कागदाच्या लांब पट्टीवर मांडायला सांगा. पट्टीचे दहा भाग, त्यातल्या एकाचे पुन्हा दहा. ४.८ आणि ४.६३ च्या खुणा त्याच्याच हातानं झाल्या की '६३ मोठे' हे वाक्य तोंडातल्या तोंडात अडतं. त्याआधी 'तुला किती खात्री आहे?' असं विचारून ठेवावं. बटरफील्ड आणि मेटकाफ या मानसशास्त्रज्ञांना २००१ मध्ये आढळलं की ज्या चुकीबद्दल माणसाला जास्त खात्री असते, ती योग्य उत्तर कळल्यावर अधिक चांगली सुधारते. धक्का बसतो, लक्ष वेधलं जातं.

वाचनाच्या बाबतीत 'प्रथम' या शिक्षणात काम करणाऱ्या स्वयंसेवी संस्थेची पद्धत भारतभर वापरली गेली आहे : मूल अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट यांपैकी कुठवर पोचलंय ते आधी पाहायचं आणि काही काळ इयत्तेऐवजी पातळीनुसार गट करून शिकवायचं. २०१९ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेले अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो यांनी या पद्धतीचा अभ्यास केला होता. त्याच वर्षी शिक्षण हक्क कायद्यात दुरुस्ती झाली. पाचवी आणि आठवीत नापास झालेल्यांना जादा शिकवणी द्यायची आणि निकालानंतर दोन महिन्यांत फेरपरीक्षा घ्यायची. फेरपरीक्षेची तारीख सगळेच ठरवतात. त्या दोन महिन्यांत आधीपेक्षा वेगळं काय करायचं, हे कुठेच लिहिलेलं नसतं.

एकदा सुधारलं म्हणजे जुना नियम पुसला गेला, असंही समजू नये. महिन्याभरानं नव्या संख्या घेऊन पुन्हा विचारा, ३.०७ आणि ३.७ सारख्या, कारण तिथे शून्याकडे दुर्लक्ष करणारा आणखी एक गट हमखास निघतो. आणि वर्ष संपताना निकालपत्रकासोबत पुढच्या वर्गाच्या शिक्षकाकडे अडखळणाऱ्या मुलामागे एकेक ओळ पोचवा; एप्रिलमध्ये मूल लगेच त्यांच्यापुढे बसणार असतं. 'दशांशात लांब ते मोठं समजतो. पट्टीवर बरोबर, तोंडी अजून डळमळतो' एवढं लिहिलं तरी त्यांना पहिल्या तासाला काय विचारायचं ते कळतं.