संगणकाची प्राथमिक शिकवणी (इंदूर)

संगणकाला कधी हात न लावलेल्या माणसाला तो रोजच्या कामापुरता वापरता यावा, यासाठी दिले जाणारे शिक्षण. माउस आणि कळफलक हाताळणे, फाइल ठेवणे व ती पुन्हा शोधून काढणे, पत्र टंकणे, प्रिंट काढणे, ऑनलाइन अर्ज भरणे आणि फसवणूक टाळून पैशांचे व्यवहार करणे, एवढा त्याचा पसारा. प्रोग्रॅमिंग यात येत नाही. इंदुरात याला सरसकट ‘कॉम्प्युटर क्लास’ म्हणतात. इथल्या मराठी माणसाला तीन भाषा एकदम सांभाळाव्या लागतात: पडद्यावर इंग्रजी, शिकवणाऱ्याच्या तोंडी हिंदी आणि स्वतःच्या डोक्यात मराठी. हिंदी घरोघरी येते, त्यामुळे समजण्यात अडत नाही. अडते ते टंकताना.

पुण्यातले नातेवाईक ‘एमएस-सीआयटी झाली का’ विचारतात, इंदुरातले ‘डीसीए केलं का’. डीसीए ही एक वर्षाची पदविका; पदवीनंतर केली तर पीजीडीसीए. भोपाळचे माखनलाल चतुर्वेदी राष्ट्रीय पत्रकारिता व संचार विद्यापीठ (स्थापना १९९०) हे दोन्ही अभ्यासक्रम राज्यभरच्या अभ्यासकेंद्रांमधून चालवते. नावात पत्रकारिता असलेल्या विद्यापीठाकडून संगणकाची पदविका घ्यायची, याचे मध्य प्रदेशात कोणाला नवल वाटत नाही. केंद्र सरकारच्या नाइलिट संस्थेचा ‘सीसीसी’ हा ८० तासांचा अभ्यासक्रम आहे. २०१७ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री ग्रामीण डिजिटल साक्षरता अभियानात तर घरटी एका माणसाला २० तासांत तयार करायचे होते; ती योजना खेड्यांसाठी असल्याने इंदूर जिल्ह्यातली सांवेर, देपालपूर, महूकडची गावे तिच्यात बसत, शहरातली वस्ती नाही.

सरकारी कारकुनी धरायची तर सीपीसीटी ही राज्याची परीक्षा द्यावी लागते: ७५ मिनिटांत ७५ बहुपर्यायी प्रश्न, मग पंधरा-पंधरा मिनिटे इंग्रजी व हिंदी टंकलेखन. उत्तीर्ण व्हायला इंग्रजीत मिनिटाला ३० आणि हिंदीत २० शब्दांचा वेग लागतो. भंवरकुआ भागातल्या शिकवण्या अशाच परीक्षांवर चालतात. तिथून बाहेर पडलेल्या मुलाला रॅम आणि रॉम यांची पूर्ण रूपे पाठ असतात, पण ई-मेलला फाइल जोडून दे म्हटले तर तो चाचरतो. दोष मुलाचा नाही. प्रश्नपत्रिकेत जे येते तेच शिकवले जाते.

नवशिक्याची पहिली अडचण हाताची असते. डबल क्लिक करताना वयस्क माणसाचा माउस दोन क्लिकच्या मधे सरकतो आणि उघडण्याऐवजी फाइल दुसरीकडे जाऊन पडते. दोन क्लिक सावकाश झाले तर फाइलचे नाव निळे होऊन बदलायला उघडते. पुढे चुकून काही दाबले गेले की जुने नाव गेलेच. उपाय साधे आहेत. मनगट टेबलावर टेकवावे, सेटिंगमध्ये डबल क्लिकचा वेग कमी करावा, नाहीतर एकदा क्लिक करून एंटर मारावे. विंडोजमध्ये १९९० पासून आलेला पत्त्यांचा ‘सॉलिटेअर’ हा खेळ ओढून सोडण्याची सवय लावायला उत्तम, आणि रमीत मुरलेल्या आजोबांना तो शिकवावाही लागत नाही. शिकवणाऱ्याने मात्र एक पथ्य पाळावे: शिकणाऱ्याच्या हातातला माउस आपल्या हातात घेऊ नये. घेतला की काम दहा सेकंदांत होते आणि काकू हात मांडीवर ठेवून नुसत्या बघत बसतात.

फाइल आणि फोल्डर समजावताना मिसळणाच्या डब्याचे उदाहरण हमखास दिले जाते: मोठ्या डब्यात लहान वाट्या, वाटीत मोहरी. ते ‘कट’पर्यंत चालते. ‘कॉपी’ला मोडते, कारण एका वाटीतली मोहरी दुसरीत घातली तरी पहिली भरलेलीच राहते, असा डबा कुठल्या स्वयंपाकघरात नसतो. तिथे झेरॉक्सचा दाखला द्यावा.

टंकलेखनाचा विषय सगळ्यांत गुंतागुंतीचा. टाइपरायटरवर हात बसलेल्या पिढीची बोटे रेमिंग्टन पद्धतीने चालतात. यंत्र डावीकडून उजवीकडे छापत जाणारे, म्हणून ‘कि’ काढताना आधी वेलांटी, मग क. कृतिदेव या फाँटनेही तीच चाल ठेवली. भारतीय मानक ब्युरोने १९९१ मध्ये प्रमाण ठरवलेल्या इनस्क्रिप्ट या कळफलकाच्या रचनेत मात्र उच्चाराचा क्रम आहे: आधी क, मग वेलांटी. स्वर डाव्या हाताला, व्यंजने उजव्या हाताला. जुन्या सवयीने वेलांटी आधी मारली की ती तुटक ठिपक्यांच्या गोलावर एकटीच लटकते, आणि ‘कीबोर्ड खराब आहे’ अशी तक्रार येते.

कृतिदेवची दुसरी खोड मोठी. तो फाँट आतून इंग्रजी अक्षरेच साठवतो. वर फक्त देवनागरीचे रूप चढवलेले असते. ‘भारत’ लिहायला एच, के, के, जे, आर या कळा दाबतात, आणि तो फाँट नसलेल्या संगणकावर तीच पाच अक्षरे दिसतात. इतक्या मेहनतीने टंकलेला अर्ज मुलाच्या लॅपटॉपवर असा दिसला की शिकणाऱ्याला वाटते, आपलेच काहीतरी चुकले. युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतंत्र क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, ही भानगड नाही. तरीही वकिलांकडचे जुने मसुदे आणि छापखान्यांतला मजकूर अजून कृतिदेवमध्ये सापडतो, म्हणून इंदुरात दोन्ही माहीत असलेले बरे.

मराठीपुरते दोन धडे वेगळे शिकवावे लागतात. सीपीसीटीत मराठी नाही, त्यामुळे हिंदी टंकलेखनाच्या तालमीत ळ जवळजवळ येतच नाही. शहरभरच्या हिंदी पाट्यांवर होळकरांचे ‘होलकर’ झालेले असतात, आणि अर्जांत काळे यांचे काले होतात. मराठीत हा आडनावाचा फरक नसून रंगाचाच अपमान आहे असे जुने लोक चेष्टेत म्हणतात. इनस्क्रिप्टवर एनच्या कळीवर ल आहे, शिफ्ट धरून तीच दाबली की ळ. म्हणजे ‘होळकर’ होते यू, ए, शिफ्ट-एन, के, जे या क्रमाने. पहिल्या दिवशी नाव आणि आडनाव, दुसऱ्या दिवशी होळकर, हा धडा इंदुरात कुणालाही पटतो. दुसरा धडा ‘दुसऱ्या’मधल्या ऱ्याचा. हिंदीत तो नाही, म्हणून शिकवणाऱ्यालाच बहुधा ठाऊक नसतो: शिफ्ट-जे, मग हलन्तासाठी डी, मग य. हे न कळल्याने ‘दुसर्या’ असे टंकलेली लग्नपत्रिका घरोघर जाते.

मराठीत बोलून टंकण्याची सोय गुगलच्या कळफलकात २०१७ मध्ये आली, तेव्हापासून बऱ्याच ज्येष्ठांनी टंकणे सोडूनच दिले.

फोन हातात आल्यावर शिकवणीचा क्रमच उलटला आहे. आता सुरुवात फोनपासून होते आणि संगणक नंतर येतो, किंवा येतच नाही. पैशांच्या बाबतीत एकच वाक्य घोकून घ्यावे: यूपीआयचा पिन पैसे देताना लागतो, घेताना कधीच नाही. फसवणूक झालीच तर १९३० या क्रमांकावर लगेच फोन करायचा. समग्र आयडी (मध्य प्रदेशातल्या रहिवाशांचा ओळख क्रमांक), दाखले, परीक्षांचे अर्ज यांसाठी लोक अजून एमपी ऑनलाइनच्या, म्हणजे सरकारी कामे ऑनलाइन करून देणाऱ्या, दुकानात जातात. ओटीपी दुकानदाराला मोठ्याने वाचून दाखवू नये, हे शिकवणीतच सांगितलेले बरे.

दिवाळीच्या आगेमागे निवृत्तांची गर्दी होते, कारण हयातीचा दाखला नोव्हेंबरात द्यायचा असतो. केंद्र सरकारच्या ८० वर्षांवरील पेन्शनरांना तो १ ऑक्टोबरपासून देता येतो. डिजिटल ‘जीवन प्रमाण’ २०१४ मध्ये आले, पण म्हातारपणी बोटांचे ठसे झिजलेले असतात आणि यंत्र ते घेत नाही. २०२१ पासून चेहरा दाखवून काम होते. त्यासाठी फोनवर दोन ॲप लागतात, एक आधारचे आणि एक जीवन प्रमाणचे. जुन्या फोटो स्टुडिओची सवय असलेले आजोबा श्वास रोखून, डोळे ताणून बसतात, आणि ॲप डोळे मिचकावण्याची वाट पाहत राहते. पडद्यावरची ती इंग्रजी सूचना कोणीतरी ‘आजोबा, डोळे मिटा आणि उघडा’ अशी मराठीत सांगावी लागते. मग फोटो निघतो आणि थोड्या वेळाने प्रमाण आयडीचा, म्हणजे दाखल्याच्या क्रमांकाचा, संदेश येतो.