चिप फास्ट, पण डेटा कुठाय? एसडीएन आणि एआय इथवर कसे आले

२००४ पर्यंत गणित सोपं होतं, चिप फास्ट हवी तर क्लॉक (चिपचा दर सेकंदाचा ठोका) वाढवा. पेंटियम ४ ३.८ गिगाहर्ट्झवर पोचला आणि तिथेच अडकला, ४ गिगाहर्ट्झचं मॉडेल इंटेलने रद्दच केलं, कारण ट्रान्झिस्टर लहान होत गेले तरी व्होल्टेज त्या प्रमाणात खाली येईना आणि चिप तापायला लागली. मग एकाच चिपवर जास्त कोर (हिशोब करणारे भाग) टाकायला सुरुवात झाली आणि खरी अडचण पुढे आली: कोर मोकळा बसलाय, डेटा अजून वाटेतच आहे.

यावरचा उपाय २००१ मध्येच मांडला गेला होता. विल्यम डॅली आणि ब्रायन टोल्स या संशोधकांचं म्हणणं होतं की चिपच्या आत भागांच्या प्रत्येक जोडीसाठी वेगळ्या वायरी ओढू नका, छोटं नेटवर्क बांधा आणि डेटाची पॅकेट पाठवा. २००७ मध्ये टिलेरा कंपनीने ६४ कोरची चिप अशाच जाळीवर काढली, इंटेलच्या झिऑन सर्व्हर चिपा रिंग (गोल वाट) सोडून मेशवर (जाळीवर) यायला मात्र २०१७ उजाडलं.

तिकडे स्टॅनफर्डमध्ये मार्टिन कसाडो, निक मॅककोन वगैरे मंडळी वेगळ्याच प्रश्नावर काम करत होती. कॉम्प्युटर नेटवर्कमध्ये प्रत्येक स्विच (डेटा पुढे पाठवणारी पेटी) आपापला रस्ता ठरवतो, अख्खं चित्र कोणालाच दिसत नाही, तर मग ते ठरवायचं काम स्विचमधून काढून मधल्या एका सॉफ्टवेअरकडे का देऊ नये? त्यातून आलं २००७ चं इथेन, २००८ चं ओपनफ्लो, हेच एसडीएन, म्हणजे सॉफ्टवेअर-डिफाइन्ड नेटवर्किंग. आणि ते नुसतं पेपरवर राहिलं नाही. डेटा सेंटर जोडणाऱ्या लांबच्या लाइनी साधारण ३० ते ४० टक्केच वापरल्या जायच्या, गूगलने २०१३ मध्ये दाखवलं की एसडीएनवर त्यातल्या बऱ्याच लाइनी जवळपास १०० टक्के भरून चालवता येतात! माझ्या मते इथून पुढचं सगळं याच विचारातून आलंय.

एआय चिप डिझाइनमध्येही शिरलं. २०२१ मध्ये गूगलच्या टीमने 'नेचर'मध्ये लिहिलं की चिपवर कुठला ब्लॉक कुठे बसवायचा ते रीइन्फोर्समेंट लर्निंग (करून बघत, गुण मिळवत शिकणारं एआय) सहा तासांच्या आत ठरवतं. त्यावर इतर संशोधकांनी जोरदार आक्षेप घेतले, त्यामुळे ते डोळे झाकून मान्य करू नये.

मला त्याहून भारी वाटतं ते टीपीयू व्ही४, म्हणजे गूगलची एआयसाठीची चिप, पेपर २०२३ चा. ४,०९६ चिपांचा एक सुपरकॉम्प्युटर, ६४-६४ चिपांचे गठ्ठे आणि ते जोडायला ४८ ऑप्टिकल स्विच, ज्यांच्या आत बारीक आरसे हलतात आणि प्रकाशाची वाट बदलते. कुठला आरसा कुठे वळवायचा हे सॉफ्टवेअर सांगतं, एखादा गठ्ठा बिघडला तर त्याला वगळून दुसरा जोडता येतो, आणि हे स्विच एकूण खर्चाच्या ५ टक्क्यांहूनही कमी. पुढे ५१२ चिपांवर भाषा-मॉडेल चालवताना जोडणीचा आकार आणि मॉडेलची चिपांमधली वाटणी सॉफ्टवेअरलाच शोधायला लावली, तर एका मॉडेलचा वेग २.३ पट झाला आणि तज्ज्ञांनी आधीच बसवून दिलेल्या जीपीटी-३ या भाषा-मॉडेलच्या मांडणीतूनही १.२ पट निघाला, चिपा त्याच.