खोटा सोर्स पत्ता कुठे अडतो: मोजणीची पार्श्वभूमी

यवतमाळ-बुलढाण्याच्या खेड्यांत घरोघरी इंटरनेट येतं ते बऱ्याचदा गावातल्या केबलवाल्याच्या फायबरवरून. त्याच्या खोलीत एक राउटर, एक इन्व्हर्टर आणि वरच्या इंटरनेट कंपनीकडून आलेली एखाद-दोन लाइन. कुणी खोटा सोर्स पत्ता (पाठवणाऱ्याचा पत्ता) लावून पॅकेट, म्हणजे डेटाचा छोटा तुकडा, सोडलं तर ते या खोलीत अडतं का?

राउटर मुळात पॅकेट कुठे जायचंय एवढंच पाहतो, आलं कुठून ते तपासत नाही. म्हणून दुसऱ्याचा पत्ता सोर्सला टाकून कुणालाही उत्तर देणाऱ्या उघड्या डीएनएस सर्व्हरला (साइटच्या नावावरून पत्ता सांगणाऱ्या संगणकाला) इवलासा प्रश्न विचारला, की भलंमोठं उत्तर त्या दुसऱ्याच्या अंगावर आदळतं. 1996 मध्ये न्यूयॉर्कची पॅनिक्स ही इंटरनेट सेवा खोट्या पत्त्यांच्या सिन पॅकेटांखाली (जोडणी सुरू करायची विनंती करणाऱ्या पॅकेटांखाली) दबून गेली. 1998 मध्ये यावर उपाय सांगणारी आरएफसी 2267 आली; आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या तांत्रिक नियम-शिफारशींची क्रमांकित टिपणं. 2000 मध्ये तिच्या जागी 2827, म्हणजेच बीसीपी 38 (बीसीपी म्हणजे चांगल्या पद्धतीची शिफारस). ग्राहकाला दिलेल्या पत्त्यांबाहेरचा सोर्स दिसला, की पॅकेट तिथेच टाकून द्यायचं. अडचण एकच: मेहनत अडवणाऱ्याची, वाचतो भलताच. त्यामुळे कोण खरंच अडवतो हे मोजणं गरजेचं झालं.

ही चाचणी त्या नेटवर्कच्या आतूनच घ्यावी लागते. 2005 मध्ये एमआयटीत सुरू झालेल्या, पुढे केडा या अमेरिकेतल्या इंटरनेट-मोजणी संशोधन संस्थेने चालवलेल्या स्पूफर प्रकल्पात स्वयंसेवकाचा संगणक मुद्दाम खोट्या पत्त्यांची पॅकेटं पाठवतो: काही खाजगी, काही इतर नेटवर्कचे, काही शेजारचे पत्ते. पलीकडच्या सर्व्हरवर कोणती पोचली त्यावरून फिल्टर कुठवर आहे ते कळतं.

आपल्याकडे निकाल फसवतो तो नॅटमुळे, म्हणजे बाहेर जाणाऱ्या पॅकेटवरचा आतला पत्ता बदलून आपला लावण्याच्या राउटरच्या पद्धतीमुळे. घरचा राउटर बऱ्याचदा खोटा पत्ताही बदलून टाकतो. पॅकेट पोचतं, पण खऱ्या पत्त्यानिशी. त्यावरून केबलवाल्याचा फिल्टर आहे असं मुळीच ठरत नाही. त्याचा नॅटचा नियम फक्त स्वतःच्या पत्त्यांपुरता लिहिलेला असेल, तर त्याच्यापर्यंत आलेला खोटा पत्ता न बदलताच पुढे सरकतो. मायक्रोटिक कंपनीच्या राउटरमध्ये आरपी-फिल्टर (सोर्सकडे परतीचा मार्ग आहे का ते तपासणारी सोय) मुळात बंद असतो, आणि चालू केला की सगळ्या राउटरला लागू होतो. दोन लाइन असतील तर तो ‘स्ट्रिक्ट’ (पॅकेट आलं त्याच लाइनवर परतीचा मार्ग हवा) ठेवू नका: एका लाइनवरून आलेल्या पॅकेटचा परतीचा मार्ग दुसरीवर असला, की ते खरं असूनही गळतं. त्यापेक्षा ग्राहकांच्या बाजूने येणारं, आपल्या पत्त्यांच्या यादीत नसलेलं पॅकेट टाकणारा फायरवॉल नियम बरा. आयपीव्ही6 साठी, म्हणजे इंटरनेट पत्त्यांच्या नव्या पद्धतीसाठी, तो वेगळा लिहावा लागतो. तिथे सहसा नॅट नसतं, म्हणून चाचणीही आधी त्यावरच घ्यावी.