डब्यावरचा नंबर: इंजिन ऑइलची ग्रेड कुठून आली

एप्रिल-मे आला की विदर्भ-मराठवाड्यातल्या गॅरेजमध्ये एक सल्ला हमखास कानावर पडतो: "ऊन वाढलंय, या वेळी जरा जाड ऑइल टाकू." मॅन्युअलमध्ये ०डब्ल्यू-२० लिहिलेलं असतं आणि इंजिनात २०डब्ल्यू-५० पडतं. मिस्त्री फसवत असतो असं मुळीच नाही. ज्या इंजिनांवर त्याचा किंवा त्याच्या उस्तादाचा हात बसला, त्या इंजिनांना हा सल्ला लागू होता. पुढे इंजिनं बदलली, सल्ला मात्र तसाच चालत राहिला. यात चुकतं कुठे हे समजायचं, तर डब्यावरचा नंबर कशासाठी जन्माला आला ते पाहायला हवं.

सुरुवात मोटारीच्या आधीची, रेल्वेच्या काळातली आहे. १८८३ च्या सुमारास ब्यूचँप टॉवर हा इंग्लिश अभियंता तिथल्या इन्स्टिट्यूशन ऑफ मेकॅनिकल इंजिनिअर्ससाठी बेअरिंगमधलं घर्षण मोजत होता. तेल सोडण्यासाठी त्याने बेअरिंगच्या माथ्यावर एक भोक पाडलं. यंत्र सुरू झालं आणि तेल आत जायचं सोडून त्याच भोकातून वर येऊ लागलं. त्याने बूच ठोकलं, तर ते बाहेर ढकललं गेलं. मग तिथे दाब मोजायचं गेज बसवलं, तेव्हा बेअरिंगवरच्या सरासरी भाराच्या दुपटीपेक्षा जास्त दाब दिसला. १८८६ मध्ये ऑस्बोर्न रेनॉल्ड्सने त्याचं गणित मांडलं. फिरणारा दांडा स्वतःबरोबर तेल ओढून निमुळत्या फटीत कोंबतो, तिथे तेलाची पाचर तयार होते आणि दांडा त्या पाचरीवर उचलला जातो. धातू धातूला टेकतच नाही.

इंजिन ऑइलची पुढची सगळी कहाणी या पाचरीची आहे. क्रँकशाफ्ट (इंजिनाचा मुख्य फिरता दांडा) आणि बेअरिंग यांच्यातली फट मिलिमीटरच्या काही शतांश भागाइतकी असते. पाचर किती जाडीची बसेल हे तीन गोष्टींवर ठरतं: फिरण्याचा वेग, वरचा भार आणि तेलाचा घट्टपणा, म्हणजे श्यानता. तेल फार पातळ असेल तर पाचर मोडते आणि बेअरिंग खरवडतं. फार घट्ट असेल तर पाचर टिकते, पण ते तेल ढवळण्यात इंजिनाची ताकद जाते, तेल तापतं आणि सकाळी सेल्फ मारल्यावर वरच्या कॅमशाफ्टपर्यंत पोचायला वेळ लावतं. वेग आणि भार चालवणाऱ्याच्या हातात, इंजिन बनवणाऱ्याने ठरवून ठेवायची ती श्यानता.

मोटारी आल्यावर प्रत्येक तेल कंपनी आपापल्या परीने "लाइट", "मीडियम", "हेवी" अशी नावं देत असे, आणि एकाचं मीडियम दुसऱ्याच्या हेवीइतकं असायचं. अमेरिकेत १९०५ साली स्थापन झालेल्या सोसायटी ऑफ ऑटोमोटिव्ह इंजिनिअर्सने (सुरुवातीला तिच्या नावात 'ऑटोमोबाइल' होतं) १९११ मध्ये तेलाचं पहिलं मानक काढलं आणि १९२० च्या दशकात २०, ३०, ४०, ५० असे आज ओळखीचे असलेले आकडे रूढ केले. त्या वेळची मोजणी अगदी साधी होती. सेबोल्ट नावाच्या उपकरणात तेल ठरलेल्या तापमानाला आणायचं, तळाच्या बारीक छिद्राचं बूच काढायचं, आणि ६० मिलिलिटर तेल खालच्या बाटलीत पडायला किती सेकंद लागतात ते घड्याळावर पाहायचं. ग्रेडचा आकडा हा त्या मोजमापातला एक गट आहे. आजच्या नियमात १०० अंश सेल्सिअसला ९.३ ते १२.५ सेंटिस्टोक्समध्ये (श्यानतेचं एकक) बसणारं तेल ३० नंबरचं, १२.५ ते १६.३ मधलं ४० चं. म्हणजे ४० च्या तळाला असलेलं तेल आणि ३० च्या माथ्याचं तेल यांत फरक जवळपास नाहीच. नंबर वाढला की दणकटपणा वाढला, असं मानणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

पण १०० अंशांवर तेल कसं वागतं यावरून थंडीत ते कसं वागेल हे कळत नाही. उत्तर अमेरिकेत हिवाळ्यात गाडीचं इंजिन फिरतच नसे. लोक हंगामाप्रमाणे तेल बदलत. १९३३ मध्ये १०डब्ल्यू आणि २०डब्ल्यू या हिवाळी ग्रेड आल्या. यातला डब्ल्यू विंटरचा. म्हणून ५डब्ल्यू-३० मधला ५ हा घट्टपणाचा आकडा म्हणून ३० शी ताडून पाहायचा नसतो. दोन्ही वेगवेगळ्या परीक्षांचे निकाल आहेत. आज ५डब्ल्यूची क्रँक फिरवण्याची परीक्षा उणे ३० अंशांना होते, १५डब्ल्यूची उणे २० ला, २०डब्ल्यूची उणे १५ ला.

दोन्ही परीक्षा एकाच तेलाने पास व्हाव्यात ही गरज त्याच्याही आधीपासूनची. १९२९ मध्ये डीन आणि डेव्हिस यांनी व्हिस्कॉसिटी इंडेक्स आणला: तापमानाबरोबर कमी बदलणाऱ्या पेनसिल्व्हेनियाच्या तेलाला १००, खूप बदलणाऱ्या गल्फ किनाऱ्याच्या तेलाला ०. तीसच्या दशकात पॉलिमर मिसळायला सुरुवात झाली. थंडीत गुंडाळी करून बसणारे हे लांबलचक रेणू तापले की उलगडतात आणि तेल पातळ होण्याला आवर घालतात. १९५० च्या दशकात मल्टिग्रेड ऑइल बाजारात स्थिरावलं. पॉलिमरला एक खोड आहे: तो चेपला, कातरला गेला की तुटतो. १९५९ च्या ब्रिटिश मिनी गाडीत गिअरबॉक्स इंजिनाच्याच ऑइलमध्ये बुडालेला असे आणि गिअरचे दाते पॉलिमरची अक्षरशः चटणी करत. साठच्या दशकात ब्रिटनमध्ये २०डब्ल्यू-५० लोकप्रिय झालं ते अशा इंजिनांच्या काळात.

आपल्याकडची सवय याच वळणावर पडली. अॅम्बेसेडर ब्रिटिश मॉरिस ऑक्सफर्डवरून आलेली, तर कुर्ल्याच्या कारखान्यात बनणारी प्रीमियर पद्मिनी इटालियन फियाट ११०० वरून. दोन्ही इंजिनांची मूळ आखणी जुनी, फटींमध्ये एका इंजिनापासून दुसऱ्या इंजिनात फरक, आणि गाडी वर्षानुवर्षं चालवायची. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी दिवसभर ट्रॅफिकमध्ये फर्स्ट-सेकंडवर रांगायची, रिंगा झिजलेल्या, इंजिन ऑइल खायचं, टॅपेट वाजायचे. अशा इंजिनात 'फोर्टी' किंवा २०डब्ल्यू-५० टाकलं की धूर कमी व्हायचा, ऑइल प्रेशरचा दिवा आयडलिंगला लुकलुकायचा थांबायचा. मिस्त्रीला डोळ्यांदेखत गुण दिसायचा. त्यात आपल्याकडे उणे १५ अंशांचा प्रश्नच नव्हता. निफाडला पारा फार उतरला तरी शून्याच्या आसपास. डब्ल्यूच्या आधीचा आकडा कोणी वाचायचं कारण नव्हतं. तो अनुभव खरा होता आणि त्या इंजिनांपुरता पुरेसाही होता.

थंडीचा आकडा किती गांभीर्याने घ्यावा हे जगाला शिकवलं ते अमेरिकेतल्या साउथ डकोटा राज्यातल्या सू फॉल्स गावाने. १९८०-८१ च्या हिवाळ्यात तिथे गाड्या सुरू झाल्या आणि थोड्याच वेळात इंजिनं जाम झाली. तेल तर त्या वेळच्या सगळ्या चाचण्या पास झालेलं. झालं असं होतं की चाचणीत तेल भराभर गार करत, आणि तिथल्या हवेत ते हळूहळू गार झालं. डिसेंबरात बाटलीतलं खोबरेल तेल थिजतं तसं खनिज तेलातलं मेण सावकाश जाळं विणत गेलं. पंपाने तोंडाजवळचं तेल ओढून घेतलं, तिथे खड्डा पडला, आजूबाजूचं तेल त्या खड्ड्यात वाहून आलंच नाही आणि पंप हवा ओढत राहिला. इंजिन फिरत होतं, बेअरिंग कोरडी. त्यानंतर सुमारे दोन दिवस संथपणे गार करून पंपातून तेल ओढलं जातं का हे पाहणारी वेगळी चाचणी मानकात आली. टोरंटोला राहणाऱ्या मराठी माणसाने पुण्यातल्या भावाच्या सल्ल्याने तेल निवडू नये, ते याच कारणासाठी. लडाखला हिवाळ्यात मुक्काम करणाऱ्यांनाही हे लागू आहे.

त्याच सुमारास तेल पातळ व्हायला दुसरं कारण मिळालं, आणि आजच्या ०डब्ल्यू-२० चा उगम तिथे आहे. १९७३ च्या तेलसंकटानंतर अमेरिकेने १९७५ मध्ये कायदा करून कंपन्यांना सरासरी मायलेजचं बंधन घातलं. घर्षणात वाचलेला प्रत्येक थेंब आकड्यात दिसू लागला. २००१ च्या मॉडेलपासून फोर्ड आणि होंडाने तिथल्या बऱ्याच गाड्यांना ५डब्ल्यू-२० सांगितलं. पुढे जपानी कंपन्या ०डब्ल्यू-२० वर आणि त्याखाली गेल्या. २०१३ मध्ये १६ नंबरची ग्रेड मानकात आली, २०१५ मध्ये १२ आणि ८. (१५ आणि १० हे आकडे टाळले, कारण १५डब्ल्यू-१०डब्ल्यूशी गल्लत झाली असती.) भारतात एप्रिल २०१७ पासून सरासरी कार्बन उत्सर्जनाचे नियम लागू झाले, २०२० मध्ये बीएस-६ आलं, आणि आपल्याकडच्या नव्या पेट्रोल गाड्यांच्या मॅन्युअलमध्येही ०डब्ल्यू-२० आणि ०डब्ल्यू-१६ दिसू लागलं.

म्हणजे कंपनीने मायलेजसाठी इंजिनाचा बळी दिला का? हा संशय मी अनेकांकडून ऐकतो आणि तो सरसकट झटकून टाकण्यासारखा नाही. एकाच इंजिनाला एका देशात २० आणि दुसऱ्या देशात ३० किंवा ४० चालतं असं मॅन्युअल सांगतं, तेव्हा सरकारी नियमांचाही त्यात वाटा असतो. पण पातळ तेलासाठी आखलेल्या इंजिनात बेअरिंगची रुंदी, पृष्ठभागाची सफाई, ऑइल पंप, व्हॉल्व्ह टायमिंग बदलणारी हायड्रॉलिक यंत्रणा हे सगळं त्या तेलावर बेतलेलं असतं. त्यात २०डब्ल्यू-५० ओतलं तर प्रेशर जास्त दिसेल, प्रवाह मात्र कमी होईल.

राहिला नागपूरच्या उन्हाचा मुद्दा. गाडीचा थर्मोस्टॅट कूलंट ९० अंशांच्या आसपास ठेवतो, बाहेर ४५ असो वा महाबळेश्वरचे १०. घाटात भरलेली गाडी चढवताना ऑइल १२० च्या वर जातं, पण ते मुख्यतः भारामुळे. उलट नागपुरात मे महिन्यातही सकाळी ३० अंशांना उभ्या गाडीतलं ०डब्ल्यू-२० त्याच्या गरम अवस्थेपेक्षा सात-आठ पट घट्ट असतं. त्याला 'पाण्यासारखं' म्हणणं इंजिनाच्या दृष्टीने चूक आहे. सुरू होतानाच्या त्या पहिल्या क्षणांत कोणतंही ऑइल गरजेपेक्षा घट्टच असतं.

भाराखाली पाचर टिकते का, याचं मोजमाप मात्र डब्याच्या पुढच्या बाजूला छापलेलं नसतं. १५० अंशांना आणि प्रचंड वेगाने कातरताना तेलाची श्यानता किती उरते, ते एचटीएचएस मूल्य. २० नंबरला किमान २.६, ३० ला किमान २.९. पण एसीईए या युरोपियन वाहन उत्पादकांच्या संघटनेच्या सी३ वर्गातलं ५डब्ल्यू-३० किमान ३.५ असावं लागतं. म्हणजे दोन डबे, दोन्हींवर ५डब्ल्यू-३०, आणि कामात जवळपास एका ग्रेडचा फरक. बीएस-६ डिझेलवाल्यांना तर ग्रेडइतकाच मागचा बारीक मजकूर महत्त्वाचा: राख कमी सोडणारं ऑइल नसेल तर धुराड्यातला डीपीएफ, म्हणजे काजळी गाळणारा फिल्टर, हळूहळू चोंदतो, आणि त्याची किंमत ऑइलच्या कितीतरी पट असते.

म्हणून निवड करताना आधी मॅन्युअलमधला तक्ता उघडावा. त्यात एकच ग्रेड दिली असेल तर तीच घ्यावी, सोबत दिलेला एपीआय (अमेरिकन पेट्रोलियम संस्था) किंवा एसीईएचा दर्जाचा वर्ग जुळवावा. तापमानाप्रमाणे तीन-चार ग्रेड दिल्या असतील तर महाराष्ट्रात डब्ल्यूच्या आधीच्या आकड्यावर फार जीव टाकू नये. सतत घाट, भरलेली गाडी, तासन्‌तास हायवेवर जोरात, असा वापर असेल तर डब्ल्यूनंतरचा आकडा त्याच तक्त्यातला वरचा घ्यावा. गाडी दीड लाख किलोमीटर झालेली आणि डिपस्टिकवर पातळी उतरताना दिसत असेल, तरीही तक्त्यातलीच वरची ग्रेड. ती घालूनही ऑइल कमी होत राहिलं तर व्हॉल्व्ह सील आणि रिंगा तपासून घ्याव्यात, कारण त्यापुढची दुरुस्ती ऑइलच्या डब्यात मिळत नाही.